सान व्हिसेंते देल रास्पेच : लेकीच्या विद्यापीठगावी तीन आठवडे, माहिती हवी आहे

खाजणकाठ
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आम्ही दोघं स्पेनला निघालोय. लेक तिथे पीएचडी करते. विद्यापीठाचं नाव आलिकांते असलं तरी ते आलिकांते शहरात नाही. सहा-सात किलोमीटर आत सान व्हिसेंते नावाचं गाव आहे, त्याच्या हद्दीत आहे. तिची खोलीही तिथेच, दोन मैत्रिणींबरोबर. आम्ही तिच्या जवळच एक छोटं घर तीन आठवड्यांसाठी घेतलंय.

नेटवर शोधलं की आलिकांतेचा समुद्र, आलिकांतेचा किल्ला, किनाऱ्यावरच्या बेनिदोर्म शहराचे टॉवर हेच पुढे येतं. गावाबद्दल दोन ओळींपलीकडे काही मिळत नाही. माझं म्हणणं असं की किनारा बघायला एक दिवस जाऊच, पण लेक गेली तीन वर्षं जिथे भाजी घेते, जिथे अभ्यासाला बसते, ते गाव मला नीट बघायचंय. फोनवर ती सगळं "छान आहे गं" म्हणून उरकते.

प्रश्न असे:
- विमानतळावरून गावात कसं जायचं?
- ह्यांना अंडंसुद्धा चालत नाही. बाहेर जेवायची वेळ आली तर काय मागायचं?
- दोघं साठीच्या पुढचे. चालणं चालतं, चढ फार नको.
- गावात दिवसभर करण्यासारखं काही आहे का, की रोज शहर गाठावं लागेल?

मी उरणची. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, परदेशी पहिल्यांदाच चाललेय. अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, मी वहीत उतरवून घेणार आहे.

निळाई
काकू, किती आनंद झाला हा धागा बघून! मी तिथे भाषांतराचा अभ्यासक्रम केला, दोन वर्षं त्याच गावात राहिले. सविस्तर लिहिते.

आधी नाव. तुम्ही शीर्षकात "रास्पेच" लिहिलंत ते अगदी बरोबर. पाटीवर शेवटी "जी" दिसतो म्हणून बाहेरचे लोक "रास्पेग" म्हणतात, पण तिथल्या वालेन्सियन भाषेत त्याचा उच्चार च होतो. गावात दोन्ही भाषांतल्या पाट्या दिसतील, सान व्हिसेंते आणि सांत व्हिसेंत. गोंधळू नका, गाव एकच आहे. बोलताना बहुतेक सगळे स्पॅनिशच बोलतात.

विमानतळ एल्चे या शेजारच्या शहराच्या बाजूला आहे. तिथून सी-6 नंबरची बस आलिकांतेच्या मध्यात येते. लुसेरोस चौकाजवळ उतरा, मोठं कारंजं आहे. त्याच चौकाच्या पोटात ट्रामचं भुयारी स्टेशन आहे. दोन नंबरची ट्राम धरा, ती शेवटी सान व्हिसेंतेलाच जाते. आधी थोडा वेळ जमिनीखालून, मग वर येते, हॉस्पिटल, वस्त्या, मोकळी माळरानं असं करत विद्यापीठ आणि त्याच्या पुढे गाव. अर्धा तास धरा. सी-3 नावाची लोकलही आहे, ती लवकर पोचवते पण फेऱ्या कमी. सामान असेल तर पहिल्या दिवशी सरळ टॅक्सी करा, तीन आठवड्यांच्या बॅगा घेऊन जिने उतरू नका.

आता जेवण, कारण खरी अडचण तिथेच येते. "कार्ने नको" म्हणालात तर ते लोक मासे देतात, हॅम देतात. त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे मटण-बीफ, हॅम त्यात धरतीलच असं नाही. म्हणून एकेक नाव घेऊन सांगायचं: कार्ने नको, हामोन नको, पेस्कादो नको, आतून नको, उएवो नको. पेस्कादो म्हणजे मासे, आतून म्हणजे ट्यूना, उएवो म्हणजे अंडं, आणि सिन म्हणजे शिवाय. साधी मिश्र कोशिंबीर मागवली तरी वर ट्यूना आणि उकडलेलं अंडं हमखास असतं, म्हणून "सिन आतून, सिन उएवो" हे काकांनी पाठच करावं. बटाट्याची तोर्तिया दिसायला छान, पण ती अंड्याची. आणि एक मोठा सापळा: मेन्यूवर "गास्पाचोस" दिसलं आणि तुम्हाला टोमॅटोचं थंड सूप वाटलं तर थांबा. या भागात गास्पाचोस म्हणजे सशाच्या किंवा कोंबडीच्या मांसाचा गरम रस्सा, त्यात पोळीचे तुकडे.

काकांना चालेल असं: टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा, पिस्तो (आपल्या रसभाजीच्या जवळ जातो, वर अंडं घालू नका म्हणून सांगायचं), तळलेली आर्टिचोक, ऑलिव्ह, बदाम. आणि ओर्चाता! हे पेय एका कंदाचं दूध असतं, गाईच्या दुधाचा त्यात संबंध नाही. तो कंद आपल्या नागरमोथ्याच्या जातीतला. थंडगार प्यायचं.

घरी स्वयंपाक कराल तर कोथिंबीर "सिलान्त्रो" म्हणून मागा. तिच्यासारखी दिसणारी पेरेखिल सगळीकडे मिळते, पण ती पार्स्ली, आमटीत घातली की चव बिघडते. उकडलेले छोले बरण्यांत तयार मिळतात. तांदूळ मात्र बहुतेक आखूड आणि गोल, त्यांच्या पाएया नावाच्या भातासाठीचा, आपल्या कुकरमध्ये त्याचा गोळा होतो. बासमती मोठ्या दुकानात मिळतो.

खाजणकाठ
निळाई, बाळा, देव तुझं भलं करो. ह्यांनी "सिन आतून, सिन उएवो" आजपासूनच म्हणायला घेतलंय.

अनुस्वार
वाचनखूण साठवली. माझा पुतण्या सप्टेंबरमध्ये तिथेच चाललाय. खोली शोधण्याबद्दलही कुणी लिहील का?

निळाई
अनुस्वार, खोली "पिसो कोंपार्तिदो" म्हणून शोधायची, म्हणजे वाटून घेतलेलं घर. गावातच घ्यायला सांगा. शहरात घेतलं की रोज ट्राम, आणि रात्री उशिरा परतायची पंचाईत. घर न बघता अनामत पाठवायची नाही, हे त्याला चारदा सांगा. माझे एका घरमालकाकडे दोन महिन्यांचे पैसे अडकले ते अडकलेच, भिंतीवर ओल आधीपासून होती तरी ती माझ्या नावावर लावली. आत शिरताना प्रत्येक भिंतीचा, नळाचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवायचा. मी तेवढंच केलं नव्हतं.

आणि सहा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर पोचल्यापासून महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या कार्डाचा अर्ज करायचा असतो. त्याची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती सहज मिळत नाही. उतरला त्या आठवड्यापासून रोज सकाळी बघत राहायला सांगा.

सह्यपुत्र
काकू, मी नोकरीनिमित्त सहा महिने आलिकांतेत होतो, पण मित्र सान व्हिसेंतेत असल्याने शनिवार-रविवार तिकडेच. दोन गोष्टी सांगतो.

एक, घड्याळ. दुपारी दोननंतर गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाच-साडेपाचला पुन्हा उघडतं आणि रात्री दहाला चौकात लहान मुलं सायकली फिरवत असतात. भारतातून गेल्यावर पहिले चार दिवस आपण दुपारी एकला जेवायला जातो तेव्हा स्वयंपाकघर नुकतं सुरू झालेलं असतं, आणि रात्री आठला गेलो तर बंदच. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊनंतर. "मेनू देल दिया" दुपारीच मिळतो, ठरलेल्या पैशात दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. गावात तो शहरापेक्षा स्वस्त पडतो, कारण विद्यार्थी आणि कामगार रोज तिथे जेवतात.

दुसरं, खिशात थोडी रोकड ठेवा. 28 एप्रिल 2025 ला मी तिथे होतो. दुपारी 12:33 ला जवळजवळ अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली. त्या दिवशी सोमवार होता आणि नेमकी सान व्हिसेंतेची सुट्टी, म्हणजे गावाच्या संताचा दिवस. मी मित्राकडे गेलो होतो. कार्ड चालेना, फोनचं नेटवर्क गेलं, ट्राम बंद. खालच्या मजल्यावरच्या आजींनी बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ बाल्कनीत आणून ठेवला आणि आवाज मोठा केला. खाली वीस-पंचवीस माणसं जमली. मला निम्मं कळत नव्हतं, तर शेजारचा एक शाळकरी मुलगा सावकाश शब्द तोडून मला सांगत होता. आजींनी फ्रिजमधलं वितळायला लागलेलं आइस्क्रीम सगळ्यांना वाटून टाकलं. रात्री दिवे आले तेव्हा गल्लीभर टाळ्या. तोवर त्या इमारतीत मी कुणाला ओळखत नव्हतो, त्यानंतर नावानिशी नमस्कार व्हायला लागले.

निळाई
बरं झालं संताचा दिवस आठवलात! काकू, तुमच्या तारखा कुठल्या? गावाचा उत्सव ईस्टरवर ठरतो. ईस्टरनंतरच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सान व्हिसेंते फेर्रेरचा सण. यंदा, म्हणजे 2026 ला, ईस्टर 5 एप्रिलला आहे, म्हणजे 13 एप्रिलला. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस गावात "मोरोस इ क्रिस्तियानोस", म्हणजे मूर आणि ख्रिश्चन यांच्या मिरवणुका. चुकवू नका.

खाजणकाठ
आम्ही 7 ला पोचतोय! लेकीने हे सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "आई, त्या दिवसांत बंदुकीच्या बारामुळे झोप होत नाही, म्हणून मी लायब्ररीत जाते."

मोडीवाचक
इतिहासाची आवड असेल तर थोडी भर घालतो.

संत व्हिसेंते फेर्रेर हा वालेन्सियाचा धर्मोपदेशक, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो या भागात आला आणि इथे प्रवचन दिलं अशी गावाची श्रद्धा आहे. त्याच्या नावाची छोटी प्रार्थनाघुमटी आधी, तिच्याभोवती वस्ती नंतर. गाव बराच काळ आलिकांतेच्याच कारभारात होतं, 1836 मध्ये वेगळं झालं. शेती कोरडवाहू: बदाम, ऑलिव्ह, कॅरोब. तिथे वर्षाला जेमतेम 300 मिलीमीटर पाऊस पडतो. उरणला जुलैत एका आठवड्यात एवढा पडून जातो. पुढे सिमेंटचा मोठा कारखाना आला, आता बंद आहे, त्याचे सिलो अजून उभे दिसतात.

विद्यापीठाची जागा म्हणजे पूर्वीचा राबासाचा लष्करी विमानतळ. विद्यापीठ 1979 चं. जुना कंट्रोल टॉवर त्यांनी पाडला नाही, झाडांमध्ये उभा आहे, विचारलंत तर कुणीही दाखवेल. कुलगुरूंच्या कार्यालयाची इमारत पोर्तुगालचे आल्वारो सिझा यांची, बाहेरून कोऱ्या भिंती आणि सगळा उजेड आतल्या चौकातून. आपल्या वाड्यांची आठवण होते. विद्यापीठाचं संग्रहालयही बघा, उथळ पाण्यातून वर आलेल्या लाकडी पेटीसारखं आहे. हे सगळं सपाट जमिनीवर, बाक भरपूर, चढ अजिबात नाही.

आलिकांतेत जाल तेव्हा सगळे किल्ल्याकडे धावतात. सांता बार्बारा किल्ला 166 मीटर उंच डोंगरावर आहे. पोस्तिगेतच्या किनाऱ्यासमोरून बोगद्यात शिरलं की डोंगराच्या पोटातून लिफ्ट वर नेते, तेव्हा चढायची काळजी नको. पण माझी विनंती आहे, सेंट्रल मार्केटच्या मागच्या चौकात पाच मिनिटं थांबा. त्याचं नाव "25 मे चौक". स्पेनच्या यादवी युद्धात, 25 मे 1938 ला, इटालियन विमानांनी भर बाजारावर बॉम्ब टाकले, तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत बाजारहाटाला आलेल्या बायाही होत्या. आज त्याच बाजारात लोक टोमॅटो निवडत असतात. आणि बंदरावर एका कप्तानाचं स्मारक आहे. 28 मार्च 1939, यादवी युद्ध संपत आलेलं, हरलेल्या बाजूची हजारो माणसं धक्क्यावर अडकलेली. स्टॅनब्रुक नावाचं एक ब्रिटिश मालवाहू जहाज संत्री-केशर भरायला आलं होतं. कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन यांनी माल सोडला आणि 2638 माणसं घेऊन अल्जेरियातल्या ओरानला निघाले. छोटं जहाज, भाराची रेषा पाण्याखाली जाईल इतकं दबलेलं. त्यानंतर धक्क्यावर राहिलेल्यांना घ्यायला कुणी आलं नाही.

सूक्ष्मदर्शी
सगळ्यांनी सगळं लिहिलं, पण माझ्या मते या गावाची सगळ्यात मोठी गोष्ट कुणीच लिहिली नाही! मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्यासाठी आलिकांते विद्यापीठ म्हणजे फ्रान्सिस्को मोखिका.

आज जनुकांत बदल करायची जी क्रिस्पर पद्धत जगभर वापरली जाते, तिचा धागा याच विद्यापीठात लागला. मोखिका शेजारच्या एल्चेचे. पीएचडीला त्यांना विषय मिळाला सांता पोलाच्या मिठागरातला एक सूक्ष्मजीव, हॅलोफेरॅक्स. समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाण्यात राहणारा. त्याच्या डीएनएत त्यांना 30 अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा दिसला, मध्ये साधारण 36 अक्षरांची जागा, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा जागा. 1993 मध्ये त्यांनी ते छापलं. हे काय आहे ते कुणालाच कळत नव्हतं. त्या काळात जनुकांची माहिती आजच्यासारखी हाताशी नव्हती, पैसा नव्हता. ते दहा वर्षं त्याच्या मागे लागले. 2003 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की मधल्या जागांतले तुकडे विषाणूंचे आहेत. म्हणजे जीवाणू आपल्यावर हल्ला केलेल्या विषाणूची ओळख जपून ठेवतो, पुढच्या वेळी त्याला ओळखण्यासाठी. हा शोधनिबंध मोठ्या नियतकालिकांनी एकामागून एक परत पाठवला, छापून आला 2005 मध्ये. क्रिस्पर हे नावही त्यांनीच सुचवलेलं. 2020 चं नोबेल त्या पद्धतीचं हत्यार बनवणाऱ्या शार्पान्तिए आणि डाउडना यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. पण मला मोखिकांचं नाव राहून गेल्याची रुखरुख आहे, ती मी दरवर्षी वर्गात बोलून दाखवते.

काकू, तुमची लेक कुठल्या विषयात आहे माहीत नाही, पण सांता पोलाची मिठागरं बघून या. आलिकांतेपासून दक्षिणेला वीस किलोमीटर.

खाजणकाठ
सूक्ष्मदर्शी ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हात कापतोय लिहिताना.

माझे वडील मिठागरात काम करायचे. उरणच्या खाजणात. मार्च-एप्रिलच्या उन्हात ते आणि आई पहाटे तीनला निघायचे, कारण नऊनंतर पायाखालचं मीठ भाजायचं. त्यांच्या टाचांच्या भेगा कायम पांढऱ्या. वडील वारले तेव्हा आमच्याकडे म्हणतात तसं पावलं नीट जळाली नाहीत, इतकं मीठ मुरलेलं असतं. पुढे बंदर आलं, जमिनी संपादनात गेल्या, मिठागरं बुजली. मला त्यांनी शाळेत घातलं ते याचसाठी की मिठात उतरावं लागू नये.

आणि माझी लेक खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवरच काम करते. मला ती "बॅक्टेरियाचं काम" एवढंच सांगते, कारण मला पुढचं कळणार नाही असं तिला वाटतं. मिठागराचं पाणी हे तिने कधी म्हटलं नाही. आज विचारलं तर गप्प झाली आणि म्हणाली, "आई, तुला मिठागर आवडत नाही ना, म्हणून नाही बोलले."

जाणार. नक्की जाणार.

निळाई
काकू... डोळे भरून आले.

सूक्ष्मदर्शी
आल्यावर लिहा. एकही तपशील गाळू नका. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खाजणकाठ
आलो मंडळी. परत येऊन आठवडा झाला, जेटलॅग उतरलाय. तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून सांगितलंत तर मीही सविस्तर लिहिते.

गाव मला पहिल्याच सकाळी आवडलं. आमच्या घराखाली बेकरी होती. मी भल्या सकाळी पाव आणायला गेले तर समोर दोन मुली, डोळ्यांत झोप, हातात कॉफी, कसल्याशा परीक्षेचे कागद एकमेकींना वाचून दाखवत होत्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार म्हातारे पत्ते पिसत बसलेले. दोघांनाही दुसऱ्याचा त्रास नव्हता. ही मुलंमुली सुट्टीत घरी गेली की गाव निम्मं रिकामं होतं, असं बेकरीवाल्या बाईने हातवारे करून सांगितलं. तीन आठवड्यांत तिला माझा पाव कुठला ते ठरून गेलं, मी दारात दिसले की ती तो कागदात गुंडाळायला घ्यायची.

लेकीचं विद्यापीठ दोनदा पाहिलं. कंट्रोल टॉवर पाहिला. ताडासारख्या उंच खजुरी, ऑलिव्हची झाडं, हिरवळीवर पसरलेली पोरं. तिने मला तिच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेलं. काचेतून गुलाबी पाण्याच्या बाटल्या दिसल्या, ओळीने. म्हणाली, "हे ते."

उत्सव: निळाई, तू सांगितलं नसतंस तर आम्ही घाबरूनच गेलो असतो. जुन्या घडणीच्या बंदुकांनी रस्त्यात दारूचे बार उडवतात, गोळी नसते. आवाज कानात नाही, छातीत बसतो. ह्यांनी कापसाचे बोळे घातले तरी उठून आत गेले. मी मात्र मिरवणूक शेवटपर्यंत पाहिली. माणसं खांद्याला खांदा लावून एका रांगेत, अगदी सावकाश, बँडच्या ठेक्यावर डुलत पुढे येतात. रांगेच्या पुढे एक जण तलवार फिरवत चालतो, मधेच थांबतो, मागे वळून आपल्या माणसांकडे बघतो. बायकांच्या रांगाही होत्या. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या आजीने तिच्याकडची खुर्ची मला दिली आणि स्वतः उभी राहिली. नको म्हटलं तर रागावली. तिची नात त्या रांगेत होती. नात समोरून गेली तेव्हा आजीने माझा हात घट्ट धरला.

जेवणाचं सांगते. ह्यांनी "सिन आतून, सिन उएवो" इतकं छान म्हटलं की वाढणारा मुलगा पटापट स्पॅनिशमध्येच पुढचं विचारायला लागला. तरीही एकदा शहरात एका ठिकाणी कोशिंबिरीत ट्यूना आलाच. परत पाठवली, तर वरून काढून तीच प्लेट आणली. हे उपाशी उठले. त्यानंतर आम्ही गावातल्या एकाच जागी जेवायला जात राहिलो, तिथल्या बाईला एकदा समजलं ते समजलं. तिने तिसऱ्या दिवशी ह्यांच्यासाठी वेगळं छोल्यांचं पालक घालून केलं, मेन्यूत नसलेलं. आणि निस्पेरो नावाचं फळ तेव्हा बाजारात आलेलं असतं, पिवळं, आंबटगोड, आत गुळगुळीत बिया. किलो-किलो खाल्लं. तुर्रोन आणलाय, बदाम आणि मधाचा, कडक आणि मऊ दोन्ही. कडक आपल्या चिक्कीचाच भाऊ, मऊ तोंडात विरघळतो.

मोडीवाचक, 25 मे चौकात गेलो. आधी बाजारात भाजी घेतली, मग मागे जाऊन बसलो. पिशवी मांडीवर होती. फार वेळ काही बोलावंसं वाटलं नाही.

आता सांता पोला.

लेकीने रविवार निवडला. बस सुटली, शहर संपलं, विमानतळ मागे पडला, सांता पोला गाव आलं आणि मग गावाच्या पलीकडे एका वळणावर डावी-उजवीकडे पाणीच पाणी. रस्ता मिठागराच्या मधोमध जातो. कप्पे, मातीचे बांध, एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी सोडायच्या फळ्या. मी खिडकीला नाक लावलं. ह्यांना म्हटलं, "बघा, समुद्राचं पाणी त्या टोकाने घेतलंय, या बाजूला चढत चढत दाट होत आणलंय, शेवटच्या कप्प्यात मीठ धरणार." लेक माझ्याकडे बघत राहिली. तिच्या सगळ्या वर्षांच्या अभ्यासात हे तिने पुस्तकातून शिकलं होतं, आणि मला ते चालत्या बसमधून दिसत होतं.

शेवटच्या कप्प्यांचं पाणी गुलाबी. आमच्याकडेही उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर लालसर झाक यायची, वडील म्हणायचे, "पाणी पिकलं." पाणी पिकलं म्हणजे दोन-तीन दिवसांत मीठ. लेक म्हणाली, "आई, तो रंग याच जिवांचा. आजोबा ज्याला पिकणं म्हणायचे ते हेच." तिने खिशातून पेन काढून तिकिटाच्या मागे लिहून घेतलं: पाणी पिकलं.

फ्लेमिंगो होते, शंभरेक तरी. उरणच्या पाणथळीवर येतात तसेच, एका पायावर. बांधाच्या कडेला तामारितचा जुना दगडी बुरूज पाण्यात उभा आहे. आणि पलीकडे मिठाचे डोंगर, खरंच डोंगर, यंत्रांनी रचलेले. माणूस एकही दिसला नाही. त्यांचं संग्रहालय जुन्या मीठ दळायच्या गिरणीत आहे. आत जुन्या कामाची अवजारं मांडली होती. त्यात लांब दांड्याची लाकडी फळी, मीठ ओढायची. वडिलांची अशीच होती, फक्त दांडा बांबूचा. मी हात लावू का विचारलं. तिथल्या मुलीने आधी नाही म्हटलं, मग लेकीने तिला काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगत होती. त्या मुलीने स्वतः ती फळी माझ्या हातात दिली. दांडा वरच्या बाजूला झिजून गुळगुळीत झालेला, जिथे उजवा हात येतो तिथे. मी ओढून दाखवलं, अंगावर नाही घ्यायचं, कंबरेतून वळवायचं. त्या मुलीने फोटो काढला आणि लेकीला पाठवला. तो आता लेकीच्या प्रयोगशाळेत लावलाय म्हणे.

आई अजून आहे माझी, शहाऐंशी वर्षांची. तिच्यासाठी पाव किलो मीठ आणलं. तिने चिमटीत घेऊन चोळलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "दाणा मोठा आहे. पण पावसाच्या आधी घाईने ओढलेलं नाही हे." मग नातीला फोन लावायला सांगितला आणि तिच्याशी अर्धा तास पाणी कधी सोडायचं, वारा कुठला हवा, यावर बोलली. लेक पलीकडून सगळं लिहून घेत होती.

सूक्ष्मदर्शी
काकू, "पाणी पिकलं" मी उद्या वर्गात सांगणार आहे. तुमच्या वडिलांचं म्हणून सांगेन. आजींचं बोलणं शक्य तितकं रेकॉर्ड करून ठेवा, कृपा करून.

मोडीवाचक
काकू, वाचून थोडा वेळ उठून गॅलरीत गेलो. माझं आजोळ वसईचं, तिथेही मिठागरं होती. आईला हे वाचून दाखवतो.

अनुस्वार
पुतण्याला लिंक पाठवली. सांता पोलाची बस कुठून सुटते, आणि संग्रहालय स्टॉपपासून किती लांब आहे?

खाजणकाठ
अनुस्वार, आलिकांतेच्या बस स्थानकावरून, ते बंदराच्या बाजूला आहे. सांता पोला गावात उतरलं की संग्रहालय चालत जाता येतं, आम्हाला पंधरा मिनिटं लागली. उन्हाचं जाऊ नका, सकाळी जा. जाताना खिडकीजवळ बसायला सांगा त्याला, आणि विमानतळ गेला की फोन खिशात ठेवायला सांगा.